गोळी कुठवर आली?

मोशीच्या एका पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाची किल्ली मागून घ्यावी लागते. ती कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून पंपवाल्यानं तिला वीतभर लाकडी ठोकळा बांधला आहे. डिसेंबरातल्या त्या सकाळी तो ठोकळा विजयश्रीच्या हातात होता, आणि कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक तरुण तिच्यासमोर येऊन उभा राहिला. थंडी असूनही त्याच्या कपाळावर घाम.

“मॅडम, मी... आधी जाऊ का?”

विचारण्याची रीत इतकी अदबीची आणि चेहरा इतका पांढराफटक, की तिनं काही न बोलता ठोकळा पुढे केला. मग गाडीला टेकून उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हायवेवर ट्रकांची रांग, बाजूला हवेचा पंप... आणि आपण एका अनोळखी माणसाची वाट बघतोय, तीही अशा ठिकाणी. तिला हसूच यायला लागलं.

तो बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस पुढून ओले, नजर खाली.

“उपकार झाले,” तो म्हणाला.

“दहा मिनिटांचे झाले. लक्षात ठेवा.”

“विसरायचं म्हटलं तरी जमायचं नाही.” असं म्हणून त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे दमलेले होते, पण हसरे. ठोकळा तिच्या हातात देताना त्यानं आधी तो रुमालानं स्वच्छ पुसला. त्या पुसण्याचीच तिला दिवसभर आठवण येत राहिली.

विजयश्री मूळची परभणीची. शिकायला म्हणून ताथवड्याला आली, शिकून झाल्यावर तिथल्याच एका छोट्या कंपनीत लागली आणि थेरगावात डांगे चौकामागं मैत्रिणीबरोबर खोली करून राहू लागली. आईला ती सांगायची, “पोटाचं मशीन करतो आम्ही.” आई शेजारणींना सांगायची, “सोनोग्राफीत आहे.” खरं तर ते तसं नव्हतं. आतड्याला आतून जखमा होण्याचा एक चिवट आजार असतो. तोंडानं घेतलेलं औषध त्या जखमांपाशी पोचेस्तोवर निम्मं वाटेतच विरतं आणि नको तिथं त्रास देतं. म्हणून तिच्या कंपनीनं गिळल्यावरही बंदच राहणारी गोळी केली होती. गोळीत तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक. त्यामुळं ती कुठं पोचली ते पडद्यावर हिरव्या ठिपक्यासारखं दिसायचं. ठिपका जखमेपाशी आला की पोटावर यंत्राचं डोकं टेकवायचं आणि बटण दाबायचं. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लाटांनी गोळीचं कवच फुटायचं, आणि औषध नेमकं तिथंच सांडायचं.

चिंचवडच्या एका रुग्णालयात त्याची चाचणी चालू होती. दर गुरुवारी पेशंट यायचे आणि बटण दाबायचं काम विजयश्रीचं. निम्म्यांच्या गोळीत औषध, निम्म्यांच्या गोळीत नुसती पांढरी भुकटी. कुणाच्या पोटात काय, हे ना पेशंटला ठाऊक, ना तिला, ना डॉक्टर शितोळ्यांना. नवं औषध खरंच गुण देतं की नुसता भरवसाच गुण देतो, हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

पंपावरच्या त्या सकाळनंतर दोनेक आठवड्यांनी नर्स इफ्फतनं एक नवा पेशंट आत पाठवला. विजयश्री तारा जोडत होती. मागं वळली, तर निळा शर्ट.



“दहा मिनिटं का लागली ते आता समजलं,” ती म्हणाली.

तो लाजला. खांद्यानं एवढा रुंद माणूस कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होताना तिनं पहिल्यांदाच पाहिला.

रोहिदास मुंगसे त्याचं नाव. चाकणच्या पुढं भामा नदीकाठी गाव, घरी तो आणि आई. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत लाइन सुपरवायझर. चार वर्षांपासून हे दुखणं. लग्नाची दोन ठिकाणची बोलणी त्यापायी मोडलेली. हे सगळं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कारण वेळ भरपूर होता. गोळी गिळली की आतड्याच्या त्या टोकापर्यंत पोचायला तिला चार-पाच तास लागत, आणि दर अर्ध्या तासानं ठिपका बघत विजयश्रीला तिथंच बसावं लागे.

“शून्य ते दहा,” तिनं सुरुवातीला ठरलेला प्रश्न विचारला होता. “शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आज किती?”

“सात.”

तिनं सात लिहिलं.

“नाशिक हायवेवरची सगळी स्वच्छतागृहं मला पाठ आहेत,” तो छताकडं बघत म्हणाला. “कुठं कडी नाही, कुठं पाणी नाही, कुठं सहाच्या आत उघडत नाही... कधी लागलं तर विचारा.”

“मला कशाला लागतंय?”

“किल्ली तर तुमच्या हातात होती.”

ती हसली. पेशंटसमोर इतकं मोकळं हसायचं नसतं हे तिला हसून झाल्यावर आठवलं.

“गोळी कुठवर आली?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

“अजून जठरातच आहे.”

“ते कुठं आलं?”

तिनं क्षणभर विचार केला. “नाशिक फाटा समजा.”

“मग बरोबर. तिथं खोळंबा असतोच.”

असा तो खेळ सुरू झाला, चाकणच्या वाटेवरच्या एकेका ठिकाणाचा. नाशिक फाटा सुटला की भोसरी, भोसरीनंतर मोशी, आणि त्याची जखम जिथं होती ते म्हणजे चाकणचा तळेगाव चौक. तिथं आतडं सुजून अरुंद झालं होतं. “चौकात रस्ता अरुंदच आहे,” तो म्हणाला, “आता बाहेरच्यासारखा आतही जाम.” ठिपका चौकात आला, तेव्हा बाहेर उन्हं कलली होती आणि मेट्रोचा आवाज खिडकीच्या काचेला हलकेच हलवून जात होता. विजयश्रीनं त्याच्या पोटावर जेली लावली, यंत्राचं डोकं टेकवलं.

इफ्फत त्या लाल बटणाला स्विच म्हणायची, डॉक्टर ट्रिगर म्हणायचे. विजयश्रीच्या तोंडी घरचाच शब्द यायचा. “आता कळ दाबते. हलू नका.”

“दाबा. एका कळेनं दुसरी कळ जात असेल तर... चांगलंच आहे.”

तिनं दाबली. पडद्यावरचा ठिपका थरथरला आणि फिका झाला.

“काही जाणवलं?”

“तुमचा हात गार आहे.”

पुढच्या गुरुवारी तो सहा म्हणाला, त्याच्या पुढच्या गुरुवारी पाच. विजयश्री गुरुवारची वाट बघू लागली होती. बुधवारी रात्री ती ओढणी इस्त्री करायची, आणि मैत्रीण विचारायची, “उद्या कुणाचं पोट आहे गं?” गोळी फुटल्यावर पेशंटला जेवायला मुभा असे. रुग्णालयाची खिचडी पाण्यासारखी, म्हणून ती घरून मऊ भात आणायची, वर तूप आणि चिमूटभर मेतकूट. तो डबा चाटूनपुसून साफ करायचा. खाताना तिच्याकडं बघायचा, आणि ती पडद्याकडं बघायची, जिथं आता ठिपकाही उरलेला नसायचा.

एकदा डॉक्टर शितोळे फेरीवर आले. त्याचं पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, “फरक पडत नसेल तर लपवू नका, रोहिदास. आपण उपचार बदलू.”

ते गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, “बदलू म्हणजे?”

विजयश्रीला उत्तर ठाऊक होतं. जो पेशंट महिनाभर पाच किंवा त्याच्या वरच सांगत राहील, त्याला पुढच्या आठवड्यापासून औषधाची खरी गोळी द्यायची, असं ठरलेलं होतं. पण हे पेशंटला सांगायला बंदी होती. सांगितलं तर प्रत्येकजण आकडा वाढवून सांगेल.

“डॉक्टर ठरवतील,” ती म्हणाली.

“म्हणजे मग... गुरुवार बंद?”

“मला सांगता येत नाही.”

त्यानं मान हलवली. पुढच्या गुरुवारी तो तीन म्हणाला.

तीन ऐकून विजयश्रीच्या मनात काहीतरी उडी मारून गेलं. आपलं यंत्र चालतंय. आपण दाबतो ती कळ याला बरं करतेय. त्या संध्याकाळी तिनं आईला फोन करून विनाकारण अर्धा तास गप्पा मारल्या.

“विजू,” इफ्फत एकदा कापसाचे बोळे मोजता मोजता म्हणाली, “तो पेशंट आहे. चाचणी संपेस्तोवर पेशंटच राहू दे.”

“मी काय केलं?”

“तू काही केलं नाहीस. मेतकूट मात्र बाकीच्या कुणाला मिळत नाही.”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोघं देहूला गेली. जायला नको होतं. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघांनीही तो विषय काढला नाही. इंद्रायणीच्या घाटावर बसून त्यांनी माशांना कुरमुरे टाकले. तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं, कुणी आधी म्हटलं ते आठवेनाही.

“मासे बघ कसे भांडायलेत,” ती म्हणाली.

“भांडायलेत,” त्यानं तिची नक्कल केली. “परभणी बाहेर आली.”

“मग? लपवून ठेवू?”

“नको. रोज येऊ दे बाहेर.”

थोड्या वेळानं तो शेंगा आणायला उठला, आणि बराच वेळ आलाच नाही. तिनं मान वळवून पाहिलं तर तो वरच्या पायरीवर खांबाला धरून उभा होता, पाठमोरा. परत आला तेव्हा ओठांवर घामाचे थेंब.

“काय झालं?”

“ऊन लागलं.”

“दुखतंय का?”

“तुझ्या शेजारी बसून?” तो म्हणाला, आणि शेंगांची पुडी तिच्या ओंजळीत ओतली. शेंगा गरम होत्या. तिला ते बोलणं इतकं आवडलं की पुढं काही विचारायचं राहूनच गेलं.

दर महिन्याला रक्ताची तपासणी असायची. आतड्याची सूज खरंच उतरतेय का, ते तिच्यातून कळायचं. पहिली झाली होती. दुसरीच्या वेळी तो म्हणाला, “आज नको, कंपनीत ऑडिट आहे, लवकर सुटायचंय.” तिनं पुढच्या गुरुवारवर ढकलली. पुढच्या गुरुवारी तो म्हणाला, सर्दी झालीय, रक्तात उगाच काहीतरी दिसेल. तिनं पुन्हा ढकलली. वजन करताना तो सेफ्टी शूज काढायचा नाही. पुढं लोखंडी पत्रा असलेले, जड बूट. “नाडी सोडायला वेळ लागतो गं.” राहू दे, ती म्हणाली. त्याच्या पट्ट्याला आतल्या बाजूला एक नवं भोक पडलेलं तिला दिसलं होतं. बरा होतोय, फिरायला जायला लागला असेल, म्हणून वजन उतरलं असेल, अशी तिनंच आपली समजूत घातली. आकडा दोनावर आला होता. माणसाला जे हवं असतं, त्याच्यासाठी तो कारणं कुठूनही गोळा करतो.

मार्चमध्ये अवकाळी आला. गुरुवारीच. संध्याकाळी ती खाली उतरली तर पार्किंगच्या पत्र्यावर गारा ताडताड वाजत होत्या, आणि तो तिथं थांबला होता, दोन्ही हातांत हेल्मेट धरून. बाहेर रस्ता पांढरा झाला होता. एक गार उडून तिच्या पायाशी आली. त्यानं ती उचलून तिच्या तळहातावर ठेवली.

“किती गुरुवार राहिलेत?” त्यानं विचारलं.

“महिनाभर.”

“मग?”

“मग काय? तू बरा. मी दुसऱ्या कुणाच्या पोटावर.”

“तसं असेल तर मला बरं व्हायची घाई नाही.”

“वेडा आहेस,” ती म्हणाली. गार वितळून मनगटावरून ओघळत होती. त्यानं आपल्या रुमालानं ती पुसली... आणि हात लगेच सोडला नाही. तिनंही काढून घेतला नाही. पत्र्यावरचा आवाज थांबला तेव्हा दोघांना एकदमच कळलं, की पाऊस मघाशीच गेला होता.

त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याचा पलंग रिकामा होता.

विजयश्रीनं यंत्र लावून ठेवलं. भात गरम राहावा म्हणून डबा टॉवेलात गुंडाळला. मग इफ्फत आली, आणि तिनं आधी दार लावून घेतलं.

“रोहिदास पहाटे रात्रपाळीत लाइनवर कोसळला. चाकणला नेलं होतं, तिथून इकडं आणलं. आतडं फुटलंय, विजू. ऑपरेशनला घेतलंय.”

“असं कसं होईल?” ती म्हणाली. “दोन होता तो. मागच्या गुरुवारी दोन.”

इफ्फतनं यंत्राची तार काढून ठेवली.

दुपारी डॉक्टर शितोळ्यांनी तिला बोलावलं. त्यांच्या गळ्यात मास्क लोंबत होता आणि आवाज अगदी साधा होता, तोच तिला जास्त लागला.

“आकडा तूच विचारायचीस?”

“हो, सर.”

“रक्त?”

टेबलावर तिचाच तक्ता उघडा होता, रक्ताचा दुसरा रकाना रिकामा.

“रक्त का नाही घेतलं, विजयश्री?”

“त्याला... वेळ नसायचा. मी पुढं ढकललं. दोनदा.”

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “जीव धोक्यात आला म्हणून त्याच्या गोळ्यांची माहिती उघडावी लागली. भुकटी होती. सुरुवातीपासून. आतडं आतून कुजत आलं होतं, म्हणजे हे आठवड्याभराचं नाही. हा माणूस दोन-अडीच महिने कळा सोसत तुझ्यासमोर हसत बसत होता.” मग ते म्हणाले, “तू या चाचणीतून बाहेर. बाकीचं तुझी कंपनी बघेल.”

तिला त्याला भेटायला मिळालं ते आणखी काही दिवसांनी. वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्याची आई बसली होती, सुभद्राबाई. विटकं लुगडं, कपाळावर गोंदण, पायाशी जेवणाची पिशवी. विजयश्रीला तिनं कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

“तू मशिनीवाली न्हवं? बस, पोरी.”

ती बसली.

“लई नाव घ्यायचा तुजं. बुधवारपासनंच खुशीत असायचा. गुरवारी रातच्याला मातर तळमळायचा नुसता. वकायचा. मी म्हनायची, आरं, डाक्टरला सांग. तर म्हनायचा, आये, औषदानं तसं व्हतंच, मॅडमला समदं ठावं हाय.” म्हातारीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुला ठावं हाय म्हनून मीबी गप ऱ्हायले.”

विजयश्रीनं तो हात हळूच बाजूला केला. तिनं म्हातारीला काहीच सांगितलं नाही. उठली आणि आत गेली.

रोहिदास भिंतीकडं तोंड करून पडला होता. गाल आत गेलेले. चादरीखाली पोटाच्या उजव्या अंगाला उंचवटा दिसत होता. आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढून तिथं पिशवी लावली होती. तिची चाहूल लागताच त्यानं चादर छातीपर्यंत ओढली.

“तू यायला नको होतंस इतक्यात,” तो म्हणाला. “जरा माणसात आल्यावर...”

“कधीपासून खोटं सांगायलास?”

“तीन म्हणालो तेव्हापासून.”

“का?”

“डॉक्टर म्हणाले, उपचार बदलू. मला वाटलं, काढून टाकतील. मग तू कुठं भेटणार होतीस?”

“थेरगावात राहते मी, रोहिदास. माझा फोन नंबर होता तुझ्याकडं. आपण देहूला गेलो होतो.”

“ते पेशंट होतो म्हणून.” तो छताकडं बघत म्हणाला. “तू दर वेळी विचारायचीस, किती दुखतं, कुठं दुखतं. नुसत्या रोहिदासला हे कोण विचारतं? दोन ठिकाणची माणसं चहा अर्धा टाकून उठली होती. आकडा कमी सांगितला की तुझा चेहरा फुलायचा. मग मला तोच सांगावासा वाटायचा.”

विजयश्रीनं पलंगाची दांडी धरली. जे सांगायचं होतं ते सांगू नये असं तिला वाटत होतं, आणि न सांगता इथून जाताही येणार नव्हतं.

“पाच म्हणाला असतास ना,” ती म्हणाली, “महिनाभर नुसतं खरं पाच म्हणाला असतास... तर तुला औषधाची गोळी मिळाली असती. काढलं नसतं कुणी. याच रुग्णालयात, त्याच पलंगावर, दर गुरुवारी. कळ मीच दाबली असती.”

त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. “म्हणजे आत्तापर्यंत...”

“भुकटी होती.”

तो हसायला गेला, पण टाके ओढले गेले आणि तोंड वाकडं झालं. “तू दाबलंस की थोडा वेळ बरं वाटायचं मला,” तो म्हणाला. “ते खोटं नव्हतं.”

खिडकीबाहेर मेट्रो गेली. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला त्याची बायको मोसंबी सोलून देत होती.

“ही पिशवी काही महिन्यांनी काढतील,” रोहिदास म्हणाला. “तेव्हा... आईला घेऊन परभणीला येऊ का? तुझ्या घरी?”

या प्रश्नाची विजयश्रीनं किती बुधवारी वाट पाहिली होती. आता तो समोर होता, आणि तिला तिसरंच काहीतरी दिसत होतं. चादरीच्या कडेला त्याची मूठ होती. बोटांची पेरं पांढरी पडलेली.

“आत्ता दुखतंय?” तिनं विचारलं.

“नाही.”

“रोहिदास, जन्मभर मी तुझ्या तोंडाकडं न बघता मुठीकडं बघत बसू का?”

त्यानं मुठीकडं पाहिलं. ती सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “आठ आहे, विजू. सकाळपासून आठ.”

तिनं नर्सला हाक मारली. सुई टोचली गेली. औषध अंगात भिनेस्तोवर ती त्याच्या उशाशी उभी राहिली, त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून. हळूहळू एकेक बोट सैल होत गेलं.

“आता खरंच सांगत जाईन,” तो म्हणाला. जीभ जड झाली होती. “शपथ.”

“तू सांगशील. पण मी?” ती म्हणाली. “मलाही दोनच ऐकायचं होतं. तुझा पट्टा मला दिसला होता. घाटावर तू खांब धरून उभा होतास, तेही दिसलं होतं. मी विचारलं, तू बोललास, आणि मला गोड वाटलं म्हणून मी गप्प बसले. रक्त मी ढकललं. तू एकट्यानं नाही केलंस हे. आपण दोघं एका जागी आलो की असंच होतं... आणि पुढच्या वेळी नुसतं आतडंच फुटेल असं नाही.”

“म्हणजे येऊ नको?”

“नको येऊस.”

त्यानं डोळे मिटले. झोप लागली, की त्याला आणखी काही ऐकायचं नव्हतं, हे तिला समजलं नाही. तिनं त्याचा हात चादरीवर ठेवला.

बाहेर सुभद्राबाई पिशवीतून डबा काढत होत्या. “निजला का? बरं झालं. उंद्याच्याला येशील न्हवं?”

“नाही, मावशी. मी नाही येणार आता.”

म्हातारीचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. तिनं विजयश्रीच्या तोंडाकडं नीट पाहिलं. “त्येला ठावं हाय?”

“हो. त्याला सांगूनच आले.”

“मंग आता मी काय बोलनार,” म्हातारी म्हणाली, आणि झाकण परत लावून टाकलं.

त्या संध्याकाळी डांगे चौकाच्या सिग्नलला विजयश्री हेल्मेटच्या आत रडली. हिरवा लागला तरी ती हलेना. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, मग त्या बाजूनं निघून गेल्या.

चाचणी काही महिने थांबली, मग नव्यानं सुरू झाली. रोहिदासचे सगळे गुरुवार त्यातून बाद झाले. कंपनीनं विजयश्रीला कामावरून काढलं नाही. पेशंटपासून दूर, ताथवड्याच्या प्रयोगशाळेत बसवलं. तिथं काचेच्या उंच भांड्यात कोमट पाणी असे. त्यात गोळी सोडायची, बाहेरून यंत्र टेकवायचं, कळ दाबायची, आणि कवच नीट फुटतंय का ते बघायचं. दिवसभर तेच. कधी औषधाची गोळी, कधी भुकटीची. पाण्यात दोन्ही सारखीच पांढरी पसरते.

दिवाळी झाल्यावर इफ्फतचा फोन आला.

“रोहिदासची पिशवी निघाली. जखम भरून आली. या खेपेला त्याला चाचणीबाहेर औषधाचीच गोळी मिळतेय. आज शून्य म्हणाला.”

“रक्त बघितलं?”

“बघितलं. खरंच शून्य आहे.”

विजयश्रीनं टेबलाची कड धरली. आनंद झाला होता. आणि त्याच आनंदाला धार होती. “कळ कोण दाबतं?”

“नवा मुलगा आहे. चांगला आहे. बोलत नाही फारसं.” इफ्फतनं आवाज खाली आणला. “रोहिदासनं तुझा नवा नंबर मागितलाय. मी म्हटलं, विचारून सांगते. देऊ?”

काचेच्या भांड्यात मघाची भुकटी अजून खाली बसत होती. विजयश्री ती तळाशी जाईपर्यंत बघत राहिली. फोनवर इफ्फतचा श्वास ऐकू येत होता, आणि तिच्यामागं वॉर्डात कुणीतरी खोकत होतं.

“नको देऊस,” ती म्हणाली.

मग तिनं भांड्यातलं पाणी बदललं, आणि पुढची गोळी आत सोडली.